'रक्तवाहिन्यांचे वय' सांगणारी तपासणी : पुण्यातील एका निदान केंद्राचे परीक्षण

पुण्यात ज्येष्ठांसाठीच्या आरोग्य तपासणी पॅकेजांना तोटा नाही आणि त्यांत आता 'रक्तवाहिन्यांचे वय' अशा आकर्षक नावाची एक तपासणीही दिसू लागली आहे. कोथरूड परिसरातील एका खासगी निदान केंद्रात मी व माझ्या पत्नीने ती नुकतीच करून घेतली. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या त्रुटी सांगणार आहे त्या त्या एकट्या केंद्राच्या आहेत असे मला वाटत नाही. हेच यंत्र आणि असेच पॅकेज जिथे असेल तिथे ग्राहकाने काय पाहावे, हे सांगणे अधिक उपयोगाचे. मी औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात औषधक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झालो. माझे वय ६७ आहे आणि रक्तदाबाच्या दोन गोळ्या मला बऱ्याच वर्षांपासून चालू आहेत. पत्नीचे वय ६४ आहे आणि तिला रक्तदाबाचा त्रास नाही.

मत आधीच सांगून टाकतो. यंत्र चांगले आहे आणि ते जे मोजते ते बऱ्यापैकी नीट मोजते. पण त्या मोजमापाचे 'वय' करून ते ग्राहकाच्या हाती ठेवण्याची पद्धत मला पटली नाही, आणि रक्तवाहिन्या प्रतिसाद कसा देतात हा जो खरा महत्त्वाचा प्रश्न, त्याची चाचणी तिथे सर्वांत निष्काळजीपणे केली जाते.

पॅकेजचे दोन भाग आहेत. मूळ तपासणीचे २,२०० रुपये आणि 'प्रतिसाद चाचणी' हवी असल्यास आणखी १,८०० रुपये. मूळ तपासणीत उताणे झोपवून दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांच्या वर पट्टे बांधतात, मनगटांना ईसीजीचे चिमटे लावतात आणि छातीवर हृदयाचे ठोके टिपणारा एक छोटा मायक्रोफोन ठेवतात. चारही पट्टे एकदमच फुगतात, त्यामुळे पहिल्यांदा थोडे दचकायला होते. काम करणारी तरुणी अदबशीर होती. "काका, हात सैल सोडा, बोलू नका," एवढेच तिने सांगितले आणि तेवढे पुरेसे होते. सगळे मिळून दहा-बारा मिनिटांत संपते. कुठे सुई नाही, कुठे दुखणे नाही.

यंत्र मोजते तो नाडीतरंगाचा वेग. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी दाबाची एक लाट धमन्यांमधून पुढे धावते, आणि भिंत जितकी ताठ तितकी ही लाट वेगाने जाते. भिंतीचा ताठरपणा, तिची जाडी आणि वाहिनीचा व्यास यांच्याशी या वेगाचे गणित कसे जुळते हे मोएन्स आणि कोर्टेवेग या डच अभ्यासकांनी १८७८ साली मांडले होते. दंडापर्यंत आणि घोट्यापर्यंत लाट पोहोचायला लागणाऱ्या वेळेतील फरक यंत्राला मिळतो, अंतर मात्र ते मोजत नाही. ते आपल्या उंचीवरून सूत्राने काढते. इथे पहिली त्रुटी दिसली. तरुणीने उंची तोंडी विचारली आणि सांगितलेला आकडा तसाच टाकला. साठीनंतर मणक्यांमुळे माणूस दोन-तीन सेंटिमीटर सहज खुजा होतो आणि बहुतेकांना तोंडपाठ असते ती पंचविशीतली उंची. भिंतीला उंची मोजायची पट्टी लावलेली होती. ती वापरली असती तर अर्धे मिनिट गेले असते.

माझा वेग सेकंदाला १,७२० सेंटिमीटर आला, पत्नीचा १,५१०. घोटा आणि दंड यांच्या दाबांचे गुणोत्तर दोघांचेही १.०८ च्या आसपास, म्हणजे पायांकडच्या धमन्यांत मोठा अडथळा नाही. हे गुणोत्तर ०.९ च्या खाली गेले तर पुढची तपासणी करावी लागते, आणि मधुमेही किंवा धूम्रपान करणाऱ्या माणसासाठी या सबंध अहवालातला हाच आकडा कदाचित सर्वांत मोलाचा ठरेल. वेगाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. इंटरनेटवर शोधल्यास 'सेकंदाला १० मीटरपेक्षा जास्त म्हणजे धोका' असे वाचायला मिळते आणि आपले १७ मीटर पाहून माणूस हादरतो. ती १० मीटरची मर्यादा मानेतील आणि जांघेतील धमन्यांच्या दरम्यान मोजलेल्या वेगासाठी आहे. दंड-घोटा पद्धतीत पायांच्या अधिक स्नायुमय, मुळातच ताठ धमन्या येतात, म्हणून आकडे मोठे असतात. जपानमध्ये, जिथे ही पद्धत सर्वाधिक रुळली आहे, सेकंदाला १,८०० सेंटिमीटर ही सीमा मानली गेली आहे. अहवालात यातला एक शब्दही नव्हता. होता तो लाल-पिवळा-हिरवा आलेख, त्यावर एक ठिपका आणि खाली ठळक अक्षरांत 'आपल्या रक्तवाहिन्यांचे वय : ७५ ते ७९ वर्षे'. पत्नीच्या अहवालावर 'वय : ६० ते ६४ वर्षे'. ती प्रसन्न झाली.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट त्या दिवशी बंद होती, आणि जिने चढून गेल्यावर मला जवळजवळ लगेच आत घेतले. त्या वेळी यंत्रानेच नोंदवलेला माझा रक्तदाब १५८/८२ होता, जो घरी सहसा नसतो. मी तरुणीला विनंती केली की अर्धा तास शांत बसू द्या आणि पुन्हा मोजा. तिने आढेवेढे न घेता मोजले, याचे श्रेय केंद्राला द्यायला हवे. दुसऱ्या वेळी दाब १३८/७६, वेग १,५९० आणि वय '६५ ते ६९ वर्षे'. अर्ध्या तासात माझ्या धमन्या दहा वर्षांनी तरुण झाल्या.

यात यंत्राचा दोष नाही. मोठ्या धमन्यांच्या भिंतीत इलॅस्टिन आणि कोलॅजेन असे दोन प्रकारचे तंतू असतात. कमी दाबाला भिंतीचा भार ताणणारे इलॅस्टिन पेलते; दाब वाढला की भार कोलॅजेनकडे जातो आणि ते जवळजवळ ताणतच नाही. म्हणजे तीच धमनी १५८ ला ताठ वाटते आणि १३८ ला तुलनेने मऊ. मोजताना दाब किती होता हे पाहिल्याशिवाय वेगाच्या आकड्याला अर्थ नाही, आणि ज्याचा दाबच वरखाली होतो अशा माणसाला तर मुळीच नाही. पॅकेजच्या जाहिरातीत मात्र 'सहा महिन्यांनी पुन्हा तपासा आणि फरक पाहा' असे म्हटले आहे. सहा महिन्यांनी मी लिफ्टने गेलो तर फरक दिसणारच.

या दोन तंतूंचा वयाशी संबंध असा. इलॅस्टिन शरीरात बहुतेक बालपणीच तयार होते आणि पुढे फारसे नव्याने तयार होत नाही. दिवसाला लाखभर ठोक्यांनी ताणले जाऊन ते झिजते, तुटते; त्याची जागा कोलॅजेन घेते, साखरेच्या रेणूंमुळे कोलॅजेनच्या तंतूंमध्ये आडवे बंध पडतात आणि भिंतीत कॅल्शियमही साठू लागते. पंक्चरची ठिगळे लावलेल्या सायकलच्या जुन्या ट्यूबसारखी महाधमनीची अवस्था होते : हवा धरते, पण फुगत नाही. तरुण महाधमनी ठोक्याच्या वेळी फुगून काही रक्त साठवते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये ते पुढे ढकलते. ताठ महाधमनीला हे जमत नाही. म्हणून वरचा दाब आयुष्यभर चढत जातो, तर खालचा पन्नास-साठीपर्यंत चढून नंतर उतरू लागतो. आमच्या वयाच्या पुष्कळांचा १६०/७० असा रक्तदाब असतो आणि 'खालचा तर उत्तम आहे' म्हणून ते निर्धास्त असतात. प्रत्यक्षात त्या दोन आकड्यांमधली ९० ची दरीच ताठरपणाची खूण आहे. ज्येष्ठांमध्ये ही दरी ६० किंवा अधिक असणे हे युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही धोक्याचे लक्षण म्हणून नोंदवले आहे. घरच्या दोन-अडीच हजारांच्या यंत्रावर रोज सकाळी ही वजाबाकी फुकट करता येते, आणि सहा महिन्यांतून एकदा मिळणाऱ्या रंगीत ठिपक्यापेक्षा मी तिला जास्त किंमत देईन.

आता प्रतिसाद चाचणी. कल्पना उत्तम आहे आणि मुळात मी गेलो तो तिच्यासाठीच. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचे एकेरी अस्तर असते. रक्ताचा प्रवाह वाढला की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि त्याच्यामुळे भिंतीतील अरेखित स्नायू सैलावून वाहिनी रुंदावते. प्रयोगशाळेत मी हे विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे दाखवले आहे. उंदराच्या महाधमनीचे तीन-चार मिलिमीटरचे कडे ३७ अंशांच्या क्षारद्रावणात दोन तारांवर अडकवायचे, खालून ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड यांचे बुडबुडे सोडायचे, फेनिलेफ्रिन घालून कडे आकसवायचे आणि मग अस्तराला नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावणाऱ्या अॅसेटिलकोलीनचे थेंब टाकायचे. आलेखावरची, कड्याचा ताण दाखवणारी रेघ पायऱ्यापायऱ्यांनी खाली येते. त्याच महाधमनीचे दुसरे कडे घेऊन त्याच्या आतून काडी हलकेच फिरवली की अस्तर खरवडले जाते, आणि मग कितीही अॅसेटिलकोलीन घाला, रेघ जागची हलत नाही. फर्चगॉट आणि झावाद्स्की यांनी १९८० साली सशाच्या महाधमनीवर हेच दाखवले. अस्तरातून येणारा तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइड असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले.

वय आणि रक्तदाब इथे एकाच दिशेने काम करतात. म्हाताऱ्या उंदराच्या कड्यात अस्तर शाबूत असूनही सैलावणे कमी होते, कारण नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होते आणि जे होते त्यातले काही सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा घातक रेणू गिळून टाकतो. आनुवंशिकतेनेच उच्च रक्तदाब होणारी उंदरांची एक जात जपानमध्ये क्योटो येथे १९६३ साली सिद्ध करण्यात आली. तिच्या महाधमनीत अॅसेटिलकोलीनची मात्रा वाढवली की अस्तर सैलावणारा संदेश सोडून आकसवणारा संदेश देऊ लागते. त्या रेघेचे आधी उतरणे आणि मग पुन्हा वर चढणे पाहून विद्यार्थी हमखास विचारत, द्रावण चुकले का? माणसांमध्येही १९९० साली उच्च रक्तदाबाच्या रुग्णांच्या हाताच्या धमनीत अॅसेटिलकोलीन सोडून पाहिले तेव्हा रक्तप्रवाह निरोगी माणसांपेक्षा कमी वाढला, पण स्नायूवर थेट काम करणाऱ्या नायट्रोप्रुसाइडला प्रतिसाद सारखाच मिळाला. म्हणजे बिघाड मुख्यतः अस्तरात होता. वयाबरोबर होणारी हीच घसरण रक्तदाब नसणाऱ्यांतही असते, स्त्रियांमध्ये ती रजोनिवृत्तीच्या सुमारास वेग घेते, आणि रक्तदाब असणाऱ्यांत लवकर सुरू होते. याच्या जोडीला लहान धमन्यांची भिंत जाड होऊन पोकळी अरुंद होते, त्यामुळे आकसण्याचा तोच संदेश आला तरी दाब अधिक उसळतो. रक्तदाबाच्या माणसाला थंडीत किंवा भांडणात आकडे एवढे का चढतात, याचे बरेचसे उत्तर या जाड भिंतीत आहे.

ही चाचणी माणसावर करायची रीत अशी : सोनोग्राफीने दंडातील धमनीचा व्यास मोजायचा, कोपराच्या खाली पट्टा आवळून पाच मिनिटे रक्तप्रवाह थांबवायचा, पट्टा एकदम सोडायचा आणि उसळून येणाऱ्या प्रवाहाने धमनी किती रुंदावते ते पाहायचे. माझी ४.४ मिलिमीटरची ४.५ झाली, पत्नीची ३.८ ची ४.०, म्हणजे अनुक्रमे सुमारे २.३ आणि ५.३ टक्के. सगळा खेळ मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचा आहे. म्हणूनच ही चाचणी उपाशीपोटी, शांत आणि उबदार खोलीत, चहा-कॉफी-तंबाखू टाळून आणि प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा त्वचेवर टेकवायचा भाग, एका जागी घट्ट धरूनच करावी लागते. प्रत्यक्षात काय झाले? स्वागतकक्षात आम्हांला प्रेमाने चहा-बिस्किटे देण्यात आली, जी मी नाकारली आणि पत्नीने घेतली. खोलीत एसी असा होता की पत्नीने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. प्रोब हाताने धरलेला होता आणि मध्ये एकदा दुसऱ्या रुग्णाविषयी विचारायला कोणी दार उघडले तेव्हा तो सरकल्याचे पडद्यावर स्पष्ट दिसले. सकाळी कोणत्या गोळ्या घेतल्या हे कोणीही विचारले नाही. मी त्या सकाळी अॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी घेतलेली होती आणि ती तर धमन्यांच्या स्नायूवरच काम करते. स्नायू स्वतः सैलावू शकतो की नाही हे पाहण्यासाठी शेवटी जिभेखाली नायट्रोग्लिसरिन देऊन पुन्हा व्यास मोजण्याची पायरी संशोधनात असते. ती इथे नव्हती. वैद्यकीय देखरेखीशिवाय ती नसलेलीच बरी, हे मान्य. पण मग 'अस्तराची कार्यक्षमता : क्षीण' असा शेरा छापण्याचा अधिकारही राहत नाही. हे १,८०० रुपये वाया गेले असे मी स्पष्टपणे म्हणेन.

अहवाल समजावून सांगायला डॉक्टरांची भेट पॅकेजमध्येच आहे. ती पाच मिनिटांची झाली. डॉक्टर तरुण होते, बोलणे सौम्य होते आणि मीठ कमी करा, चाला, गोळ्या सोडू नका, हे त्यांनी सांगितले ते अगदी योग्य. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाला ५ ग्रॅम मिठाची मर्यादा पापड, लोणचे आणि संध्याकाळचे फरसाण यांत निम्मीशिम्मी संपते हे आपल्याकडे आवर्जून सांगायलाच हवे. चालण्याविषयीही पुरावा भक्कम आहे : २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत बैठी सवय असलेल्या मध्यमवयीन व वयस्क पुरुषांना तीन महिने नियमित, मुख्यतः चालण्याचाच व्यायाम दिल्यावर मानेच्या धमनीची लवचीकता वाढली आणि अस्तराचा प्रतिसादही सुधारला. तळजाई टेकडीवर पहाटे फिरायला जाणाऱ्यांना हे नवीन नाही. पण त्यानंतर चिठ्ठीवर एल-आर्जिनीन या अमिनो आम्लाच्या पुड्या लिहिण्यात आल्या, ज्या खाली केंद्राच्याच काउंटरवर मिळतात. आर्जिनीनपासून नायट्रिक ऑक्साइड बनते, म्हणून तर्क सरळ दिसतो. तथापि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हृदयविकाराचा पहिला झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांपैकी काहींना आर्जिनीन आणि काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय पुडी दिली गेली. धमन्यांचा ताठरपणा कमी झाला नाही, आर्जिनीन घेणाऱ्यांपैकी ६ जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. हृदयरोगाचा इतिहास न विचारता ज्येष्ठांना ही पुडी लिहून देणे मला गंभीर वाटते. मी ती घेतली नाही.

पॅकेजमध्ये जे नाही आणि असायला हवे ते म्हणजे उभे राहून घेतलेला रक्तदाब. मानेतील आणि महाधमनीतील दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोके भिंतीच्या ताणावर चालतात. भिंत ताठ झाली की ताण कमी पोहोचतो आणि उभे राहताच दाब सावरण्याची क्रिया मंदावते. म्हणून एकाच माणसाला उच्च रक्तदाबही असतो आणि पहाटे बाथरूमकडे जाताना चक्करही येते. माझ्या विनंतीवरून तरुणीने मला उभे करून दंडावरच्या पट्ट्याने मोजले : झोपून १३८, उभे राहिल्यावर एका मिनिटात ११८. तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर त्याची दखल घ्यावी असे वैद्यकशास्त्र सांगते. हा आकडा अहवालात टाकायला जागाच नव्हती, तो तिने कागदाच्या कडेला पेनने लिहून दिला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सबंध रंगीत अहवाल बाजूला ठेवला आणि तेवढी कडेची ओळ वाचून एका गोळीची वेळ बदलली.

तेव्हा कोणी जावे? ज्यांचा रक्तदाब निश्चितपणे वाढलेला आहे आणि उपचार चालू आहेत त्यांच्या उपचारात या आकड्याने सहसा फारसा बदल होणार नाही. त्यांनी हे पैसे चांगल्या, दंडावर बांधायच्या यंत्रावर आणि आपल्या दंडाच्या मापाच्या पट्ट्यावर खर्च करावेत. चाळिशी-पन्नाशीतील, दाब सीमारेषेवर घुटमळणारे आणि घरात पक्षाघात किंवा हृदयविकाराचा इतिहास असलेले लोक मूळ तपासणी एकदा करून घेऊ शकतात, मात्र आपल्या डॉक्टरांनी सुचवल्यास. त्यांनी सकाळी चहाआधी जावे, पोहोचल्यावर निदान पंधरा मिनिटे बसावे, उंची मोजून घ्यावी, चालू गोळ्यांची यादी स्वतःहून द्यावी आणि अहवालावर वेगाशेजारी त्या वेळचा रक्तदाब लिहिलेला आहे ना हे पाहावे. पायांना पट्टे बांधायचे असल्याने सैल पायजमा किंवा सलवार सोयीची. पत्नीला नऊवारी नव्हे पण पाचवारी साडीतही अडचण झाली.

स्वच्छता, वेळ पाळणे आणि कर्मचाऱ्यांची वागणूक यांना पैकीच्या पैकी गुण. मूळ तपासणीला पाचपैकी तीन, प्रतिसाद चाचणीला एक. पुड्यांच्या काउंटरला गुण देत नाही. वाहन लावायला जागा नाही, पौड रस्त्यावर रिक्षा सोडून चालत आत जावे लागते, आणि लिफ्टची चौकशी निघण्याआधी फोनवर केलेली बरी.